वजनवही

माझं काम उडवणं नाही.
माझं काम वही.
डाव्या रकान्यात भागाचं नाव, उजवीकडे ग्रॅम,
तळाशी माझी सही
आणि पानापानावर बशीर मुलाणीच्या अंगठ्याचं ग्रीस,
जे मी हिशेबात धरत नाही.

भोसरीच्या शेडमध्ये, स्प्रिंगवाल्यांच्या पाठीमागे
साडेचार वर्षं एक जनावर उभं राहत होतं.
कागदावर नाव एचएल-दोन.
आम्ही म्हणायचो हेला.
ओझ्यासाठीच जन्मलेला :
पोट नाही, नुसता कणा,
आणि पोटाच्या जागी एक आकडा.
जे न्यायचं ते त्याला टांगायचं.

बाबा मार्केट यार्डात तोलणार होते, गुळाच्या आडतीवर.
त्यांचा सगळा धर्म दोन वाक्यांचा.
आधी पासंग बघावा.
काटा थांबल्याशिवाय आकडा बोलू नये.
मला इथे नोकरी लागली तेव्हा म्हणाले,
"म्हणजे तूही तोलणारच. मालाला पंखा आहे एवढंच."

मार्चात हेल्याला पहिल्यांदा काट्यावर घेतलं.
वहीत तीन हजार एकशे बारा.
काट्यावर एकवीस किलो जास्त.
घाटपांडे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"आत कोणी जेवून झोपलंय का?"

शोधलं.
रंग, चौदा किलो. निळा, पाहुणे येणार म्हणून दोनदा मारलेला,
पाहुणे आले नव्हते.
सांध्यासांध्यांतलं सीलंट, पाच किलो.
एक विसरलेला पाना, तीनशे दहा ग्रॅम;
बशीरनं तो ओळखला आणि काही बोलला नाही.
शेपटीच्या नळीत कुंभारमाशीचं घर,
मातीचं, चार खोल्यांचं, छत्तीस ग्रॅम.
ते मी वहीत चढवलं, मग घर काढलं, मग ओळ खोडली.
उरलेला दीडेक किलो अजून सापडलेला नाही.

रंग खरवडला. आठवडाभर आमच्या डब्यातल्या पोळ्या निळ्या.
हेला नागडा उभा, पत्र्याच्या रंगाचा,
आणि तेवढ्यानं चौदा किलो जास्त दमाचा.

परवानगीच्या फाईलचा न्याय उलटा.
तिच्यावर वजन नव्हतं
म्हणून ती सात महिने जागची उठली नाही.

मग मोशीची बंद पडलेली खाण, पहाटे साडेसहा.
चारी पायांना साखळ्या, आकड्याला सिमेंटचा पाइप,
आळंदी रस्त्यावरून भाड्यानं आणलेला, अडीच टनी.
मालकाची अट : तडा गेला तर पैसे.
आत चेंगप्पा, हवाई दलातून निवृत्त,
बसण्याआधी मी त्यांनाही काट्यावर उभं केलं,
बूट घालून, मग बूट काढून.
हसले. "मॅडम, सकाळी इडली खाल्ली नाही, लिहा."

पाती फिरली.
खाणीच्या तळाचं काळं पाणी
ताटातल्या आमटीसारखं कडेला सरकलं.
पारवे उठले, धूळ उठली,
पाइप उठला नाही.
पाइप उठला नाही.
मग त्याच्याखाली एक फट दिसली,
वीतभर, आणि तिच्यातून पलीकडचा बशीर,
जमिनीला गाल लावून पडलेला,
हातानं नुसतं वर, वर करत.

चाळीस सेकंद.
मग शेपटीत थरथर सुरू झाली
आणि चेंगप्पांनी ओझं परत खडकावर ठेवलं,
झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं.
तडा गेला नाही.

सगळे ओरडत होते. मी पडद्याकडे बघत होते.
दोन हजार चारशे ऐंशी, दोन हजार पाचशे साठ,
दोन हजार चारशे वीस :
टांगलेलं ओझं झुलतं, आकडा त्याच्याबरोबर.
घाटपांडे सर म्हणाले, "सरासरी टाका."
मी पेनाचं टोपण काढलं,
टोपण लावलं.

रात्री बिबवेवाडीत बाबांनी जेवता जेवता विचारलं,
"किती भरलं?"
म्हटलं, काटा थांबलाच नाही.
त्यांनी गुळाचा खडा दाताखाली फोडला.
"मग बोलली नाहीस ना?"